आईच्या गुडघ्याचा एमआरआय आठ मिनिटांत: चित्रातलं मोजलेलं किती आणि सॉफ्टवेअरने भरलेलं किती?

नीराकाठ

नमस्कार. इथे रेडिओलॉजीतली आणि इमेजिंगमधली काही मंडळी लिहितात, म्हणून विचारते आहे.

आई सत्तरीची आहे. कंबरेच्या वरचा एक मणका पूर्वी दबलेला आहे, त्यामुळे तिला सपाट उताणं फार वेळ झोपवत नाही. दोन वर्षांपूर्वी उजव्या गुडघ्याचा एमआरआय केला तेव्हा अर्धा तास आत ठेवलं होतं. पट्टे बांधले, वाळूच्या पिशव्या लावल्या, तरी दहा मिनिटांनंतर तिची चुळबुळ सुरू झाली. रिपोर्टात "पेशंटच्या हालचालीमुळे तपासणीला मर्यादा" असं आलं आणि आतल्या बाजूच्या मेनिस्कसबद्दल (गुडघ्याच्या हाडांमधली कुर्चेची गादी) ठाम काहीच कळलं नाही.

गेल्या आठवड्यात दुसऱ्या सेंटरला नेलं. प्रत्यक्ष स्कॅन आठेक मिनिटांचा. मी विचारलं तर तिथला तंत्रज्ञ मुलगा म्हणाला, "एआय रिकन्स्ट्रक्शन आहे ताई. डेटा चौथा हिस्साच घेतो, बाकीचं सॉफ्टवेअर पूर्ण करतं." फिल्म आधीच्या फिल्मपेक्षा कितीतरी स्वच्छ आहे. रिपोर्टात मेनिस्कसच्या मागच्या टोकाला चीर असल्याचं लिहिलंय, आणि हाडांचे डॉक्टर दुर्बिणीतून ऑपरेशन करायचं का याचा विचार करताहेत.

माझ्या डोक्यातून "बाकीचं सॉफ्टवेअर पूर्ण करतं" हे वाक्य जात नाही. ही चीर मोजलेल्या भागातली की पूर्ण केलेल्या? जुन्या, सावकाश मशीनवर पुन्हा स्कॅन करून घ्यावा का? मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते, तेव्हा थोडं खोलात जाऊन सांगितलंत तरी चालेल.

दोनओळी

मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही, सॉफ्टवेअरमध्ये आहे. चित्रं तयार करणारी मॉडेल्स रोज वापरतो. नसलेलं बोट काढतात, भिंतीवर न लिहिलेली अक्षरं लिहितात, आणि हे सगळं इतक्या सफाईने की पटकन लक्षात येत नाही. ज्या चित्रावरून माणसाच्या अंगावर शस्त्र चालणार, तिथे असलं काही नको असं माझं स्पष्ट मत आहे. आईंना थोडं वेदनाशामक देऊन साध्या १.५ टेस्ला (चुंबकाची ताकद) मशीनवर पूर्ण डेटा घेऊन स्कॅन करून घ्या. दोन-चार हजार जास्त जातील, पण मन स्वस्थ राहील.

कन्सोलपाशी

नीराकाठ, मी एमआरआय टेक्नॉलॉजिस्ट आहे. ०.३५ टेस्लाच्या ओपन मशीनवर सुरुवात केली, मग १.५, आता ३ टेस्ला. हल्ली आसपासच्या सेंटरांना प्रोटोकॉल (कोणत्या तपासणीला कोणते स्कॅन कसे घ्यायचे याची मांडणी) बसवून द्यायलाही जाते. त्या मुलाचं वाक्य मी बऱ्याच कन्सोलरूममध्ये ऐकते आणि मला ते फार खटकतं. त्याने पेशंटला भलतीच भीती वाटते, आणि ज्याची खरोखर काळजी करायला हवी ते तसंच राहून जातं.

आधी हे, की एमआरआयचं कोणतंच चित्र फोटोसारखं थेट आलेलं नसतं. जुन्या मशीनवरचंही नाही. कॉइलमध्ये, म्हणजे अवयवाभोवतीच्या अँटेनात, येतो तो अख्ख्या स्लाइसमधल्या, म्हणजे शरीराच्या एका पातळ कापातल्या, हायड्रोजन अणुकेंद्रांचा एकत्र मिसळलेला सिग्नल. ग्रेडियंट, म्हणजे जागेनुसार बदलणारं जादा चुंबकीय क्षेत्र, थोडा थोडा बदलत अशा शेकडो ओळी नोंदवायच्या, त्या साठ्याला आम्ही के-स्पेस म्हणतो, आणि त्यावर फूरिए ट्रान्सफॉर्म हा मिसळलेले सिग्नल वेगळे करणारा हिशोब चालवला की गुडघा दिसतो. रिचर्ड अर्न्स्ट यांनी १९७५ मध्ये ही फूरिएची वाट दाखवली. के-स्पेसच्या मधल्या ओळींत ढोबळ आकार आणि काळं-पांढरं असतं, कडेच्या ओळींत बारकावे.

वेळ जातो तो ओळी भरण्यात. गुडघ्याचा नेहमीचा फॅट-सॅट प्रोटॉन डेन्सिटी सिक्वेन्स (चरबीचा सिग्नल दाबून घेतलेली एक चित्रमालिका) घ्या. टीआर, म्हणजे एका फेरीचा वेळ, ३,००० मिलिसेकंद, ३२० ओळी, एका दमात ८ ओळी. म्हणजे ४० फेऱ्या, प्रत्येकी ३ सेकंद, झाले १२० सेकंद. चित्र दाणेदार येऊ नये म्हणून तेच दोनदा मोजून सरासरी काढायची, की ४ मिनिटं. असे पाच सिक्वेन्स केले की तुमच्या आईंची २० मिनिटं गेली, वर लोकलायझर (जागा ठरवायची झटपट चित्रं) आणि प्लॅनिंगचा वेळ वेगळा.

दोनओळी, तुम्ही "पूर्ण डेटा" म्हणालात. तो साध्या मशीनवरही क्वचितच घेतला जातो. के-स्पेसच्या दोन अर्ध्या भागांत गणिती सममिती असते, म्हणून निम्म्यापेक्षा थोड्याच जास्त ओळी मोजून उरलेल्या हिशोबाने काढणं हे मी शिकत होते तेव्हाही चालायचं. मोजलेला मॅट्रिक्स (चित्रातल्या चौकटींची संख्या) २५६ आणि फिल्मवर दाखवलेला ५१२, मधली जागा शून्यांनी भरलेली, हेही कित्येक वर्षं चालत आलंय. त्या फिल्मांवरून हजारो ऑपरेशनं झाली आणि त्यात काही गैर नव्हतं, कारण हिशोब कशावर उभा आहे हे लोकांना माहीत होतं.

त्यानंतरची मोठी उडी पॅरलल इमेजिंगची. गुडघ्याभोवतीच्या कॉइलमध्ये एक अँटेना नसते, ८, १५, १८ अशा बऱ्याच असतात, आणि प्रत्येकीला तिच्या जवळचा भाग मोठा ऐकू येतो. मंडपाच्या चार कोपऱ्यांत चार जण बसले तर गाणं तेच, पण तबल्याजवळच्याला तबला मोठा आणि पेटीजवळच्याला पेटी मोठी ऐकू येईल. कोण कुठे बसलंय हे ठाऊक असेल तर चौघांच्या ऐकण्यातून कोणतं वाद्य कुठे आहे हे काढता येतं. तसंच इथे. एक सोडून एक ओळ मोजली तर चित्र स्वतःवरच दुमडून येतं, आणि कॉइलांच्या नकाशावरून ती घडी उलगडता येते. १९९९ मध्ये झुरिकच्या प्रुसमन आणि सहकाऱ्यांनी 'सेन्स' ही पद्धत मांडली, २००२ मध्ये ग्रिसवोल्ड आणि सहकाऱ्यांनी 'ग्रापा'. आज यातली एखादी पद्धत नसलेला गुडघ्याचा प्रोटोकॉल शोधावा लागेल.

पण फुकट काही मिळत नाही. निम्म्या ओळी मोजल्या की सिग्नल-टू-नॉइज (कामाचा सिग्नल आणि दाणेदार गोंधळ यांचं प्रमाण) १.४ पटीने उतरतो, चौथा हिस्सा मोजला की थेट निम्मा होतो. कॉइलांची मांडणी अनुकूल नसेल तर चित्राच्या मध्यभागी आणखी कचरा येतो. म्हणून बरीच वर्षं आम्ही दुपटीवरच थांबायचो.

२००७ मध्ये स्टॅनफर्डच्या लस्टिग, डोनोहो आणि पॉली यांचा कॉम्प्रेस्ड सेन्सिंगवरचा लेख आला. ओळी ठरावीक अंतराने न गाळता अनियमितपणे गाळा, म्हणजे चित्र दुमडत नाही, नुसती नॉइजसारखी धूळ पसरते. शरीराचं चित्र वेव्हलेटसारख्या (छोट्या लाटांच्या तुकड्यांनी चित्र मांडणाऱ्या) गणिती भाषेत मोजक्या संख्यांत मावतं. तेव्हा असं चित्र शोधा जे मोजक्या संख्यांत मावेल आणि मोजलेल्या ओळींशी जुळेलही. ही दुसरी अट मी मुद्दाम वेगळी सांगते आहे, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिच्यात आहे. मोजलेल्याशी जे चित्र जुळत नाही ते बाद. २०१७ च्या सुमारास अमेरिकेत या पद्धती रोजच्या वापरासाठी मंजूर झाल्या आणि हळूहळू आपल्याकडच्या मशीनवरही आल्या. त्यांची अडचण दोन प्रकारची होती. हिशोबाला वेळ लागायचा, आणि वेग फार ताणला की चित्र रंगवल्यासारखं गुळगुळीत व्हायचं.

आता एआय. वेव्हलेटचा नियम माणसाने ठरवलेला होता. त्याऐवजी हजारो स्कॅन दाखवून नियमच शिकवला तर? २०१८ मध्ये हॅमरनिक आणि सहकाऱ्यांचं व्हेरिएशनल नेटवर्क आलं, २०१९ मध्ये आयोवा विद्यापीठातल्या अगरवाल, मणी आणि मॅथ्यूज जेकब यांचं मोडीएल. या घराण्यातल्या पद्धतींत नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकलेलं सॉफ्टवेअर, चित्र थोडं साफ करतं, मग ते चित्र पुन्हा के-स्पेसमध्ये नेऊन मोजलेल्या ओळींशी ताडून पाहतात, चुकलं तिथे ओढून परत आणतात, पुन्हा साफ करतात. हे चक्र अनेकदा चालतं. वाक्य टाइप केल्यावर चित्र काढणाऱ्या मॉडेलला असा लगाम कुठे असतो? तिथे जुळवून पाहायला मोजमापच नसतं. दोनओळी, म्हणून तुमची भीती मला समजते, पण ती जशीच्या तशी इथे लागू होत नाही.

मात्र बाजारात "एआय" या एकाच नावाखाली दोन वेगळ्या वस्तू येतात. एक वर सांगितली ती, कच्च्या डेटावर काम करणारी. दुसरी, तयार झालेल्या डायकॉम (वैद्यकीय चित्रांचा ठरलेला फाइल प्रकार) चित्रावर नंतर फिरवायचं सॉफ्टवेअर, जे नॉइज काढतं आणि कडा धारदार करतं. मोजलेल्या ओळी या दुसऱ्याच्या हातात नसतात, त्यामुळे ताडून पाहण्याचा प्रश्नच येत नाही. जुन्या मशीनला स्वस्तात वेग द्यायला ते जोडतात. मी ते वाईट म्हणत नाही, पण त्यावर जपून राहते.

आणि खरी काळजीची गोष्ट ही. पूर्वी खराब स्कॅन खराब दिसायचा. दाणेदार आला की रेडिओलॉजिस्ट सावध व्हायचे, मीही पडद्यावर बघूनच म्हणायचे, हे पुन्हा घ्यायला हवं. आता अपुरा डेटासुद्धा सुंदर दिसतो. दाणे गेले आणि त्यांच्याबरोबर इशाराही गेला. नेटवर्क मेनिस्कसला खोटी चीर पाडेल याची मला त्या मानाने कमी धास्ती वाटते. मला धास्ती आहे ती खरी, केसाएवढी चीर नॉइज समजून पुसली जाण्याची. कित्येक मशीनवर नॉइज काढण्याची पातळी लो, मिडियम, हाय अशी निवडता येते. सेंटरला हाय आवडतं, कारण फिल्म बघून पेशंट खूश होतो. मी बसवलेल्या प्रोटोकॉलात गुडघ्याला हाय ठेवत नाही. वाचलेल्या वेळातला निम्मा तरी स्लाइस पातळ करायला परत द्यावा असा माझा आग्रह असतो, आणि त्यावरून मालकांशी माझा वाद होतो, कारण त्यांना दिवसाला आणखी पाच पेशंट दिसत असतात.

आता तुमच्या आईंचं. के-स्पेसची प्रत्येक ओळ अख्ख्या चित्राची असते. तिसऱ्या मिनिटाला गुडघा हलला तर त्या वेळच्या ओळी चित्रभर भुतासारख्या सावल्या टाकतात, आणि त्या नेमक्या मेनिस्कसवरून गेल्या तर चिरेसारख्या दिसू शकतात. एका मिनिटाच्या सिक्वेन्समध्ये स्थिर राहिलेला गुडघा चार मिनिटं हलत राहिलेल्या गुडघ्यापेक्षा जास्त भरवशाचा. दहा मिनिटांत चुळबुळ सुरू होणाऱ्या पेशंटला मी स्वतः वेगवान प्रोटोकॉलवरच घेतलं असतं. पुन्हा अर्धा तास आत घालू नका.

वाईचा_घाट

कन्सोलपाशी, ताई, फार उपयोगी लिहिलंत. माझ्या पुतण्याला, वय चार, फिट्स येतात म्हणून मेंदूचा एमआरआय सांगितलाय. भूल द्यावी लागेल म्हणाले. घरात सगळे भुलीलाच घाबरलेत. या वेगवान स्कॅनमुळे भूल टळू शकते का?

क्ष-किरण

मी रेडिओलॉजिस्ट आहे, रिपोर्टिंगच्या बाजूने थोडं लिहितो. कन्सोलपाशी यांच्या म्हणण्याशी सहमत आहे.

गुडघ्याबाबत पुरावा चांगला आहे. न्यूयॉर्कचं एनवाययू लँगोन आणि फेसबुकची एआय संशोधन शाखा यांनी २०१८ मध्ये फास्टएमआरआय हा प्रकल्प सुरू केला आणि दीड हजारांहून अधिक गुडघ्यांचा कच्चा के-स्पेस डेटा जगाला खुला केला. तोपर्यंत असा डेटा प्रत्येक संस्थेच्या कपाटात बंद असायचा. २०२० मध्ये त्यांनी १०८ रुग्णांचे स्कॅन नेहमीच्या पद्धतीने आणि चौपट वेगाच्या एआय पद्धतीने तयार करून रेडिओलॉजिस्टना वाचायला दिले. निदानात फरक पडला नाही. त्या अभ्यासात डेटा मागाहून गाळलेला होता. २०२३ मध्ये त्यांनी १७० जणांचे खरोखर वेगाने घेतलेले स्कॅन तपासले, सुमारे दहा मिनिटांच्या जागी पाच, आणि निष्कर्ष तसाच आला. माझ्या दृष्टीने हा दुसरा अभ्यास जास्त मोलाचा.

नीराकाठ, मेनिस्कसची चीर आम्ही एका स्लाइसवरून ठरवत नाही. आतला पांढरा सिग्नल मेनिस्कसच्या पृष्ठभागाला टेकलेला दिसला पाहिजे, आणि तोही निदान दोन चित्रांत. बाजूने घेतलेल्या आणि समोरून घेतलेल्या सिक्वेन्समध्ये तो एकाच जागी दिसला तर माझा विश्वास खूप वाढतो. ते वेगवेगळे मोजलेले असतात, आणि दोन स्वतंत्र मोजणींत नेमक्या एकाच जागी एकच चूक होणं कठीण.

एक गोष्ट मात्र एमआरआयच्या वेगापेक्षा महत्त्वाची वाटते म्हणून लिहितो. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात ५० ते ९० वयाच्या लोकांच्या गुडघ्यांचे स्कॅन करून २००८ मध्ये अभ्यास छापला गेला. ज्यांच्या मेनिस्कसला चीर होती त्यांच्यातल्या ६१ टक्के लोकांना आधीच्या महिन्यात गुडघ्याला काहीच त्रास नव्हता. चीर खरी असली तरी दुखणं तिचंच आहे असं होत नाही. झिजेच्या गुडघ्यात दुर्बिणीच्या ऑपरेशनाचा फायदा मर्यादित असतो. गुडघा अडकतो का, चालताना मध्येच लॉक होतो का, हे डॉक्टरांशी बोला. आधी काही आठवडे मांडीच्या स्नायूंचे व्यायाम करून पाहायचं का, हेही विचारा.

कन्सोलपाशी

वाईचा_घाट, लहान मुलांसाठी वेग मिळावा याची मला सगळ्यात जास्त ओढ आहे. बेशुद्ध लेकराला टेबलावर ठेवून दारापाशी उभे राहिलेले आईबाप मी नेहमी बघते. कॉम्प्रेस्ड सेन्सिंग खऱ्या रुग्णांपर्यंत पोहोचलं तेही मुलांमार्फतच. स्टॅनफर्डचे बालरेडिओलॉजिस्ट श्रेयस वासनवाला यांनी लस्टिग यांच्या साथीने ते मुलांच्या स्कॅनमध्ये वापरलं आणि २०१० मध्ये त्याचा अहवाल छापला. लहान मूल श्वास धरत नाही, आणि भुलीत त्याचा श्वास थांबवून ठेवायचा वेळ जितका कमी तितकं बरं, हे त्यामागचं कारण.

तुमच्या पुतण्याचं मात्र मोकळेपणाने सांगते. फिट्सच्या प्रोटोकॉलमध्ये पातळ स्लाइसचे थ्रीडी सिक्वेन्स लागतात, हिप्पोकॅम्पस हा मेंदूच्या आतला भाग नीट कापून दाखवावा लागतो, आणि मेंदूच्या सालीतला अगदी छोटा दोषही शोधायचा असतो. इथे भूल टाळण्यासाठी बारकावे सोडले तर स्कॅनचा हेतूच जातो. एआय रिकन्स्ट्रक्शन असलेल्या मशीनवर भुलीचा वेळ कमी होईल, ती पूर्ण टळेल असं मी म्हणणार नाही. न्यूरॉलॉजिस्टना एवढं विचारा की कोणते सिक्वेन्स अत्यावश्यक आहेत. ते आधी लावायला सांगा, म्हणजे मूल मध्येच जागं झालं तरी महत्त्वाचं हाती असेल. आणि मुलांच्या स्कॅनला नॉइज काढण्याची पातळी कमी ठेवा असा माझा सल्ला, कारण नेटवर्क मोठ्यांच्या मेंदूंवर शिकलेलं असेल तर वाढत्या मेंदूच्या बाबतीत त्याची सवय अपुरी पडू शकते.

नीराकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. सीडी लॅपटॉपवर उघडून पाहिली. प्रत्येक सिक्वेन्सचे दोन संच आहेत! एक दाणेदार, एक गुळगुळीत, स्लाइस तेच. रिपोर्टात म्हटलेली चीर दाणेदार संचातही दिसते असं मला वाटतं, पण मी काही जाणकार नाही. भावाने इंटरनेटवर कुठेतरी वाचलं की एआय रिकन्स्ट्रक्शन अस्थिर असतं, मेंदूत खोट्या रक्तवाहिन्या उमटवतं. हे कितपत खरं? आणि चौथा हिस्सा म्हणजे खरंच तीन चतुर्थांश मोजलंच नाही का?

कन्सोलपाशी

दोन संच दिलेत ही त्या सेंटरची फार चांगली सवय. दाणेदार संच नेटवर्कच्या आधीचा असणार. त्याच जागी तीच रेघ त्यातही असेल तर ती नेटवर्कने आणलेली नाही. सीडी हाडांच्या डॉक्टरांकडे न्या आणि दोन्ही संच बाजूबाजूला लावून बघायला सांगा. फिल्मवर समाधान मानू नका.

भावाने वाचलेलं खरं आहे. फास्टएमआरआयची २०२० ची स्पर्धा मेंदूच्या स्कॅनवर होती, चौपट आणि आठपट वेगाची. काही निकालांत नसलेल्या जागी रक्तवाहिनीसारखी रचना उमटलेली आढळली, आणि आयोजकांनी ते लपवलं नाही, लेखात चित्रासकट छापलं. त्याच वर्षी अँटुन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की डेटात डोळ्याला न दिसणारा मुद्दाम रचलेला बदल केला तर काही नेटवर्क कोलमडतात. त्यांनी स्कॅनच्या चित्रात बारीक अक्षरं आणि पत्त्यांची चिन्हं घालून ती टिकतात का तेही पाहिलं. काही नेटवर्कनी ती पुसून टाकली. पुसलं जाण्याची माझी धास्ती इथूनच आली आहे. पण पुढच्या वर्षी दारेस्तानी, चौधरी आणि हेकेल यांनी जुन्या, न शिकवलेल्या पद्धतींवरही तसलेच प्रयोग केले, तर त्याही तशाच डळमळल्या. म्हणजे दोष एकट्या एआयचा नाही. डेटा फार कमी केला की कोणतीही पद्धत अंदाजावर येते.

आणखी एक, जे बातम्यांत येत नाही. २०२२ मध्ये शिमरॉन, लस्टिग आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की काही संशोधक आधीच प्रक्रिया केलेली, दाबून साठवलेली चित्रं उलटी फिरवून "कच्चा डेटा" बनवतात आणि त्यावर आपली पद्धत तपासतात. असा डेटा मुळात सोपा झालेला असतो, म्हणून निकाल वास्तवापेक्षा छान येतात. कुठल्याही विक्रेत्याने दहापट वेगाचा तक्ता दाखवला की मी आधी विचारते, हे खऱ्या के-स्पेसवर केलंय का, आणि हललेल्या, प्लेट-स्क्रू बसवलेल्या पेशंटवर केलंय का? शांत पडून राहिलेल्या तरुण स्वयंसेवकाचा गुडघा मला कुणी दाखवू नये.

चौथ्या हिश्शाबद्दल: चौपट म्हटलं तरी ते बहुधा दोन गोष्टींचा गुणाकार असतो. एक सोडून एक ओळ, ती एक दुप्पट. आणि दोन स्लाइस एकाच वेळी उठवून कॉइलांच्या मदतीने वेगळे करणं, ती दुसरी. या दुसऱ्या दुपटीत प्रत्येक स्लाइस प्रत्येक मोजणीत ऐकला गेलेला असतो, त्यामुळे तिथे "मोजलंच नाही" म्हणता येत नाही. तुमच्या सेंटरने कोणता मेळ वापरला ते प्रोटोकॉलच्या पानावर असतं, आणि डायकॉमच्या माहितीतही बहुधा सापडतं. सीडीवरच्या व्ह्यूअरमध्ये हेडर किंवा टॅग असा पर्याय असेल तर त्यात टीआर, मॅट्रिक्स आणि प्रवेगाचा, म्हणजे किती पट वेग याचा, आकडा शोधा. गुडघ्याला चारपर्यंत मला गैर वाटत नाही. आठ लिहिलेलं दिसलं तर इथे कळवा.

आणि एक काम आजच करा. आपण इतका वेळ ज्याबद्दल बोलतोय तो कच्चा के-स्पेस डेटा सेंटरमध्ये साठवत नाहीत. सीडीवर आणि सर्व्हरवर फक्त चित्रं जातात. कच्चा डेटा कन्सोलच्या डिस्कवर थोडे दिवस राहतो आणि जागा भरली की आपोआप पुसला जातो. तो असेल तर त्याच मोजणीतून नॉइज काढण्याची पातळी लो ठेवून नवा संच काढता येतो, आईंना पुन्हा टेबलावर न चढवता. सेंटरला फोन करून विचारा, "रॉ डेटा अजून आहे का, आणि लोवर एकदा रिकॉन करून द्याल का?" स्कॅन होऊन आठवडा झालाय, व्यस्त सेंटर असेल तर कदाचित उद्यापर्यंतही राहायचा नाही.